होडी आणि विमान

मालवणच्या दक्षिणेस काही किलोमीटर अंतरावर तारकर्ली हे गाव आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांच्या व सुरूंच्या सावलीत वसलेली घरे, असे ह्या भागाचे रूप आहे. येथील मुलाला होडीची ओळख शाळेच्या ओळखीपूर्वीच होते. वल्हे कसे धरावे, सुकाणू कोणत्या बाजूस लोटले म्हणजे होडी कोणत्या बाजूस वळते, हे त्याला कोणी मुद्दाम शिकवावे लागत नाही.

ह्याच खाडीच्या पलीकडे, वेंगुर्ले तालुक्यातील परुळे गावाजवळ, चिपीचे विस्तीर्ण कातळी पठार आहे. तेथे बांधलेल्या सिंधुदुर्ग विमानतळाचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 रोजी झाले आणि त्याच दिवशी मुंबईहून आलेले एक प्रवासी विमान तेथे उतरले. ते ए. टी. आर. 72 जातीचे, सत्तर आसनांचे विमान होते. ज्याला होडी ठाऊक आहे त्याला ह्या विमानाचे पुष्कळसे अवयव ओळखीचे वाटतील. परंतु एका गोष्टीत मात्र होडी आणि विमान ह्यांच्यात मोठेच अंतर आहे.

होडी थांबली तरी तरंगते. वल्ही आत घेऊन नावाडी खुशाल भाकरी सोडून बसला तरी पाणी तिला बुडू देत नाही. विमानाला ही सवलत नाही. हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पट हलकी आहे. तिच्यावर तेवीस टनांपर्यंत वजन नुसते ठेवून तरंगणे शक्य नाही. विमान हवेत राहते ते केवळ पुढे जात असते म्हणून. विमानाच्या बहुतेक अवयवांची घडण ह्या एका अडचणीतून झालेली आहे.

प्रथम पंख पाहू. चालत्या होडीत बसून वल्ह्याचे पाते पाण्यात आडवे धरावे आणि त्याची पुढची कड किंचित वर करावी. पाणी पात्याला जोराने वर लोटू लागते. विमानाच्या पंखाचेही असेच होते. पंख थोडा तिरपा असतो व त्याची पाठ फुगीर असते. त्यामुळे त्याच्यावरून व खालून जाणारी हवा मागे जाताना खाली वळते. पंख हवेला खाली ढकलतो, म्हणून हवा पंखाला वर ढकलते. त्याच वेळी पंखाच्या पाठीवरील हवेचा दाब कमी झालेला असतो. पूर्वीच्या कित्येक पुस्तकांत असे लिहिलेले आढळते की, वरच्या हवेला लांबचा रस्ता असल्यामुळे खालच्या हवेची गाठ घेण्यासाठी ती वेगाने धावते. हे खरे नाही. दोघींनी मागच्या कडेशी एकाच वेळी पोहोचावे असा काही नियम नाही. वरची हवा प्रत्यक्षात आधीच निघून जाते.

मात्र पंख फारच तिरपा केला, तर हवा त्याच्या पाठीला धरून वाहत नाही, ती फाटते, आणि उचल एकाएकी नाहीशी होऊ लागते. वैमानिकाला ही मर्यादा सतत ध्यानात ठेवावी लागते.

ए. टी. आर. विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे सत्तावीस मीटर भरतात आणि ते धडाच्या वर बसवलेले असतात. त्यांवर दोन इंजिने असतात. प्रत्येक इंजिनापुढे सहा पात्यांचा पंखा असतो व त्याचा व्यास जवळजवळ चार मीटर असतो. पंख वर बसवलेले असल्यामुळे एवढ्या मोठ्या पंख्यांची पाती जमिनीला लागत नाहीत. ह्या पंख्याचे प्रत्येक पाते म्हणजे एक लहानसा पंखच होय. तो वर उचलण्याऐवजी पुढे ओढतो, एवढाच फरक.

आता सुकाणूकडे वळू. कर्लीच्या मुखाशी लाटांत सापडलेली होडी तीन प्रकारे हलते. तिची नाळ वर उचलते आणि खाली आपटते. ती डाव्या-उजव्या कुशीवर कलते. आणि तिचे तोंड इकडे-तिकडे फिरते. ह्यांपैकी तोंड फिरवणे सुकाणूच्या हाती असते. बाकीच्या दोन हालचाली होडीचा बांधा आणि पाणी मिळून पुष्कळशा सावरून घेतात. विमानाखाली असे पाणी नाही. तेव्हा तिन्ही हालचालींसाठी त्याला वेगवेगळी साधने लागतात.

हे समजण्यास माणसांना बराच काळ लागला आणि त्याची किंमतही मोठी पडली. जर्मनीतील ओटो लिलिएंथाल हा इंजिनावाचून पंखांवर तरंगण्याचे प्रयोग करीत असे. आपले शरीर इकडे-तिकडे झुकवून तो तोल सांभाळी. 1896 साली असाच तरंगत असताना तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. अमेरिकेतील राइट बंधूंनी ही हकीकत अभ्यासिली. नुसते इंजिन जोरदार असून भागणार नाही, विमान तिन्ही प्रकारे ताब्यात राहिले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. पंख पिळून विमान कलते करण्याची युक्ती त्यांनी काढली. 17 डिसेंबर 1903 रोजी किटी हॉकजवळच्या वाळूत त्यांचे पहिले उड्डाण अवघे बारा सेकंद टिकले. तेही तारकर्लीसारखेच समुद्रकाठचे, वाऱ्याचे ठिकाण होते.

आजच्या विमानात पंख पिळत नाहीत. दोन्ही पंखांच्या मागच्या कडेस, टोकाजवळ, बिजागऱ्यांवर हलणारी एकेक फळी असते. तिला एलेरॉन म्हणतात. वैमानिकाने चाक डावीकडे फिरवले की डावी फळी वर जाते व उजवी खाली येते. डाव्या पंखाची उचल कमी होते, उजव्याची वाढते, आणि विमान डाव्या कुशीवर कलते. शेपटीच्या आडव्या पंखावर एलेव्हेटर असतो. वैमानिकाने चाकाचा दांडा आपल्याकडे ओढला म्हणजे एलेव्हेटर वर वळतो, शेपूट खाली दाबली जाते आणि नाक उचलते. शेपटीच्या उभ्या पंखावर रडर असते. ते पायांनी चालवतात. दिसण्यात तर ते थेट होडीचे सुकाणूच!

आणि येथेच नावाड्याच्या मुलाची फसगत होण्याचा संभव आहे. विमान मुख्यतः रडरने वळत असेल, असे त्याला वाटेल. वास्तविक विमान वळते ते कलण्यामुळे. ते कलले म्हणजे पंखांची उचल सरळ वर न राहता तिरपी होते व विमानाला त्या बाजूस ओढते. रडर त्या वळणात नाक नीट ओळीत ठेवते.

उतरण्याची वेळ सर्वांत नाजूक असते. वेग कमी करावा तर उचल कमी होते. करू नये तर धावपट्टी पुरत नाही. ह्यावर उपाय म्हणजे फ्लॅप. पंखांच्या मागच्या कडेचे हे भाग मागे व खाली सरकतात. त्यामुळे पंख अधिक वाकडा होतो आणि कमी वेगातही पुरेशी उचल देतो. शक्य तेव्हा विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरवतात, म्हणजे जमिनीवरचा वेग आणखी घटतो. चाके टेकल्यावर पंख्यांची पाती उलटी तिरपी करतात, म्हणजे तेच पंखे विमानाला मागे रेटू लागतात.

चिपीची धावपट्टी सुमारे अडीच हजार मीटर लांब आहे. विमानवाहू जहाजावर इतकी जागा कोठून मिळणार? 4 डिसेंबर 2023 रोजी नौदल दिनाची प्रात्यक्षिके तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाली, त्यांत मिग-29 के ही लढाऊ विमाने होती. त्यांच्या शेपटीखाली एक बळकट आकडा असतो. जहाजावर उतरताना तो आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकतो आणि विमान थोडक्या अंतरात थांबते.

ए. टी. आर. विमान जागेवर उभे राहिले, की पुष्कळदा त्याच्या शेपटीखाली एक टेकू लावलेला दिसतो. ह्या विमानात प्रवाशांचे दार मागच्या बाजूस आहे. उतरणारे सगळे एकदम मागे गोळा झाले, तर नाक उचलून शेपूट जमिनीला टेकण्याची भीती असते. होडी किनाऱ्याला लागताच सर्व उतारू एकाच बाजूस उठू लागले, म्हणजे तारकर्लीचा नावाडी त्यांच्यावर का ओरडतो, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या टेकूचा उपयोग सांगावा लागणार नाही.