कारखान्यावरील अरिष्ट

पुणें-सोलापूर रस्त्यानें किंवा त्याच दिशेच्या लोहमार्गानें जाणाऱ्यांस पाटस हें गांव परिचित आहे. खडकवासल्याच्या कालव्याच्या पाण्यानें दौंड तालुक्याचा हा टापू बागाईत झाला, ऊस वाढला, आणि उसापाठोपाठ भीमा सहकारी साखर कारखाना पाटस येथें उभा राहिला. पुढें तो कर्जाच्या बोजाखालीं आला, कांहीं हंगाम त्याचें धुराडें पेटलेंच नाहीं, आणि अखेर सन २०२२ मध्यें तो कर्नाटकांतील निराणी समूहाकडे पंचवीस वर्षांच्या भाडेकरारानें गेला. त्या हंगामापासून तेथें पुन्हां गाळप सुरू झालें. ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु ज्या सभासदांनीं भाग घेऊन कारखाना उभारला, त्यांच्या घराण्यांस त्याचा कारभार पुन्हां आपल्या हातीं येण्यासाठीं एक पिढी वाट पाहावी लागणार आहे. ह्यांत कोणाचा दोष किती, ह्याचा निवाडा हिशेबतपासनिसांनीं व न्यायासनांनीं करावयाचा आहे. त्यांत आम्ही पडत नाहीं. असल्या मोठ्या संस्थेवर अरिष्ट येतें तें कोणत्या वाटेनें येतें, तें आधीं कोठें दिसतें, आणि दिसल्यावर ज्याच्या शेतांत ऊस उभा आहे त्या सभासदाच्या हातांत काय उरतें, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पाटसचें उदाहरण एकटें नाहीं. शेजारच्या शिरूर तालुक्यांत न्हावरें येथील घोडगंगा कारखाना २०२३-२४ च्या हंगामांत बंद राहिला. पुण्याच्या बाजूस थेऊरचा यशवंत कारखाना २०११ पासून बंद पडला, व २०२५ सालीं त्याची सुमारें शंभर एकर जमीन पुण्याच्या बाजार समितीस विकण्याचा विषय निघून मोठा वाद माजला. एका दिवसांत मोटारीनें पाहून होतील अशा तीन ठिकाणीं तीन सहकारी कारखान्यांची ही स्थिति व्हावी, ही गोष्ट निव्वळ योगायोगाची म्हणून सोडून देतां येत नाहीं.

साखरेच्या धंद्याची एक अडचण जन्मापासूनची आहे. कच्चा माल चार-पांच महिन्यांत घ्यावयाचा, त्याचें मोल लगोलग चुकवावयाचें, आणि पक्का माल मात्र वर्षभर थोडा थोडा विकावयाचा. मधला काळ बँकेच्या पैशानें काढावा लागतो. साखरेचें पोतें गुदामांत पडतें तेव्हांच तें बँकेकडे तारण पडतें, आणि त्यावर बँक जी उचल देते तींतून उसाचें बिल निघतें. सभासदाची समजूत अशी असते कीं, साखर आपली आहे व कारखान्यापाशीं ती भरपूर आहे, मग पैसे कां मिळूं नयेत? साखर आपली खरी, पण गुदामाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेस आहे.

हा हिशेब आंकड्यांनीं पाहूं. २०१७-१८ च्या हंगामांत देशांत सुमारें ३२५ लक्ष टन साखर झाली, जगाच्या बाजारांतही तिची रेलचेल होती, आणि भाव कोसळले. तेव्हां जून २०१८ मध्यें केंद्र सरकारनें साखरेची किमान विक्री किंमत किलोस २९ रुपये ठरविली व फेब्रुवारी २०१९ मध्यें ती ३१ रुपये केली. म्हणजे क्विंटलास ३१०० रुपये. समजा, बँकेनें त्यावर शेंकडा ८५ प्रमाणें २६३५ रुपये उचल दिली. त्यांतून जुन्या कर्जाचे हप्ते व प्रक्रियेचा खर्च ह्यांसाठीं ७५० रुपये राखून ठेविले. तर उसासाठीं उरले १८८५. एका टन उसाची साखर ११ टक्के उताऱ्यानें १.१ क्विंटल, म्हणून टनामागें हातांत आले सुमारें २०७० रुपये. त्या वर्षीं रास्त व किफायतशीर दर १० टक्के उताऱ्यास टनाला २७५० होता. ११ टक्क्यांस तो ३०२५ होतो, आणि तोडणी-वाहतूक त्यांतूनच भागवावयाची. टनामागें साडेनऊशे रुपयांची ही तूट कोठून भरून काढावयाची? ज्या कारखान्यापाशीं स्वतःची गंगाजळी होती त्यानें ती मोडून भरली. ज्यापाशीं नव्हती त्यानें नवें कर्ज काढलें, म्हणजे पुढील हंगामांत बँकेनें राखावयाच्या रकमेंत आणखी भर घातली. अरिष्ट म्हणून आपण ज्यास म्हणतों तें एका रात्रींत कोसळत नाहीं. तें असें हंगामागणिक चढत जातें.

दुसरी वाट उसाच्या तुटवड्याची. दररोज २५०० टन गाळणाऱ्या कारखान्यास १६० दिवस चालण्यास चार लक्ष टन ऊस लागतो. तो दोन लक्षच मिळाला तरी कायम नोकरांचा पगार, कर्जावरील व्याज व यंत्रांची दुरुस्ती तितकीच राहते. प्रत्येक पोत्यावरील बोजा मात्र जवळजवळ दुप्पट होतो. महाराष्ट्रांत २०१८-१९ मध्यें सुमारें १०७ लक्ष टन साखर झाली, ती दुष्काळामुळें पुढील वर्षीं सुमारें ६२ लक्षांवर आली. त्यांतच दौंड तालुक्यांत ऊस पळविणारे पुष्कळ. आलेगांव, यवत व पाटेठाण येथें खाजगी कारखाने आहेत, आणि गुऱ्हाळें तर ठिकठिकाणीं. बिल थकलें कीं सभासद आपला ऊस दुसरीकडे घालतो, ऊस गेला कीं कारखाना अधिकच थकतो, आणि थकला कीं आणखी ऊस जातो. ह्या फेऱ्यांतून कारखाना क्वचितच आपोआप सुटतो. ह्यांत सभासदास दोष द्यावा काय? रोखीनें पैसे देणाऱ्याकडे जाणारा शेतकरी मुलीचें लग्न व सोसायटीचें कर्ज डोळ्यांपुढें ठेवून जातो. त्यास निष्ठेचें व्याख्यान देऊन भागत नाहीं.

तिसरी वाट दिल्लीहून येते. आसवनीसाठीं कर्ज काढून कारखान्यांनीं इथेनॉलचा उद्योग वाढविला, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजीं, ऐन हंगामांत, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास केंद्र सरकारनें मनाई केली. कांहीं दिवसांनीं ती थोडी सैल झाली व ऑगस्ट २०२४ मध्यें पुढील वर्षापुरती उठली. पण मधल्या काळांत कर्जाचे हप्ते थांबले नव्हते.

आतां लक्षणांकडे वळूं. सभासदास ताळेबंद वाचतां आला नाहीं तरी एक घड्याळ त्याच्याच हातीं आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, न मिळाल्यास शेंकडा १५ व्याज द्यावें लागतें. शंभर टन उसाचे तीन लक्ष रुपये सहा महिने थकले तर हें व्याज साडेबावीस हजार होतें. तें मागणारा शेतकरी आम्हांस फारसा आढळत नाहीं. महाराष्ट्र सरकारनें फेब्रुवारी २०२२ मध्यें हे पैसे दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें रद्द ठरविली. सबब घड्याळ पुन्हां चौदा दिवसांचेंच आहे. पहिल्या वर्षीं बिल वीस दिवसांनीं आलें, दुसऱ्या वर्षीं दोन महिन्यांनीं, तिसऱ्या वर्षीं ‘दिवाळीला देऊं’ असें उत्तर मिळालें, तर अधिक पुराव्याची जरूर नाहीं. दुसरें लक्षण उन्हाळ्यांत दिसतें. हंगाम संपल्यावर यंत्रें खोलून दुरुस्ती होते कीं नाहीं, तोडणीच्या मुकादमांस उचल वेळेवर जाते कीं नाहीं, हें गांवच्या चावडीवरही कळतें. मुकादमास पैसे गेले नाहींत तर टोळ्या दुसऱ्या कारखान्याशीं करार करतात, आणि मग यंत्रें सज्ज असूनही गव्हाणींत ऊस पडत नाहीं. तिसरें लक्षण कामगारांचा थकलेला पगार. आपलें बिल मिळालें म्हणून शेतकरी त्याकडे दुर्लक्ष करतो. पण जेथें पगार थकला तेथें बिलाची पाळी दूर नसते.

बंद कारखान्याची किंमत काय पडते, हें २०२१-२२ च्या हंगामानें दाखविलें. त्या वर्षीं राज्यांत ऊस इतका झाला कीं तो जून महिन्यापर्यंत शेतांत उभा होता. १ मेनंतर गाळलेल्या उसास टनामागें २०० रुपये घट-अनुदान व लांबच्या वाहतुकीस वेगळी मदत सरकारास जाहीर करावी लागली. उन्हांत ऊस वाळतो, तुरा येतो, वजन घटतें, आणि तोडणीसाठीं वरकड पैसे मोजावे लागतात. पाटसचा कारखाना तेव्हां बंद होता. दौंडच्या शेतकऱ्यांस गुऱ्हाळांचा व केडगांवच्या गुळाच्या पेठेचा कांहीं आधार मिळाला, तो नसता तर हाल अधिक झाले असते.

अडचणींतून मार्ग काढल्याचें उदाहरणही आपल्याच जिल्ह्याच्या माणसांचें आहे. सासवडचे माळी बागाइतदार नीरेच्या कालव्याखालीं जमिनी करीत होते. १९३० च्या सुमारास गुळाचे भाव बसले तेव्हां त्यांनीं गुळाचा भाव वाढण्याची वाट पाहिली नाहीं. आपसांत भांडवल जमवून १९३२ मध्यें कंपनी स्थापिली, आणि माळीनगर येथें १९३४ मध्यें साखर काढली. त्याच वर्षांत सरकारनें देशी साखरेस जकातीचें संरक्षण दिलें होतें, ही संधि त्यांनीं ओळखली. त्यांच्या यशाचें मर्म आम्हांस असें दिसतें कीं, हातांत थोडें भांडवल व पत शिल्लक असतांना त्यांनीं पाऊल उचललें. सर्व संपल्यावर नव्हे. चालू कारखान्यास हें करतां येतें. वर्ष-दोन वर्षें नवें बांधकाम बंद ठेवणें, अधिक नोकरभरती थांबविणें, बँकेशीं हप्त्यांची नवी बोली करणें, आणि बिल कधीं मिळेल ती तारीख सभासदांस स्पष्ट लिहून देणें, हीं कामें चालू कारखान्याचींच आहेत. ह्यांतील शेवटचें आम्ही सर्वांत मोलाचें समजतों. तारीख लांबची असली तरी चालेल, पण ती पाळली गेली तर ऊस टिकतो. बंद कारखान्याशीं बँक बोली करीत नाहीं. ती निविदा काढते, आणि तेथें सभासदास मत नसतें.

कायद्यानें सभासदास अगदींच निःशस्त्र ठेविलेलें नाहीं. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमान्वयें शेवटचा तपासलेला ताळेबंद संस्थेच्या कचेरींत विनामूल्य पाहण्याचा त्यास हक्क आहे. एक-पंचमांश सभासदांनीं मागणी केल्यास विशेष सभा बोलवावी लागते. मात्र हजारों सभासदांच्या कारखान्यांत तितक्या सह्या मिळविणें म्हणजे गांवोगांव पायपीट आहे, हें आम्ही जाणतों. वार्षिक सभा दरवर्षीं ३० सप्टेंबरपूर्वीं व्हावी लागते. ती पुष्कळदां मंजूर-मंजूरच्या आरोळ्यांत अर्ध्या तासांत आटोपते, हीही सर्वांच्या अनुभवाची गोष्ट आहे.

कारखाना भाड्यानें गेला तरी संस्था व तिची वार्षिक सभा राहतेच. तेथें विचारण्याजोगे प्रश्न साधे आहेत. भाड्याची रक्कम वर्षास किती आली? तींतून बँकेच्या मुदलांत किती गेलें व व्याजांत किती? कामगारांचीं व शेतकऱ्यांचीं जुनीं देणीं कोणीं व कोणत्या क्रमानें भागवावयाचीं? आणि करार संपेल तेव्हां यंत्रें कोणत्या स्थितींत परत द्यावयाचीं, तें करारांत लिहिलें आहे कीं नाहीं? उत्तरें तोंडीं न घेतां अहवालांत छापून मागावीं, आणि गेल्या वर्षाचा अहवाल सभेस जातांना बरोबर न्यावा.