ससूनच्या दगडी इमारतीत

परवा शेजारच्या काकूंना घेऊन पुण्यातल्या ससून रुग्णालयात गेलो होतो. केसपेपरच्या रांगेत पुढे दौंडहून आलेले एक आजोबा. काखेत एक्स-रेची पिशवी, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. स्टेशनवर उतरून चालतच आले होते.

नंबर लागेपर्यंत त्यांना जुन्या इमारतीबद्दल सांगत होतो, तेच इथे लिहितो.

बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून हे रुग्णालय १८६७ साली सुरू झालं. त्यांना मात्र ते पाहायला मिळालं नाही. १८६४ मध्येच ते पुण्यात वारले. त्यांची कबर कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात आहे.

१२ जानेवारी १९२४ ची रात्र मला सगळ्यात विलक्षण वाटते. येरवडा तुरुंगातून आणलेल्या गांधीजींवर कर्नल मॅडॉक अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करत होते. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं! ती खोली स्मारक म्हणून जपली आहे.

बी. जे. मेडिकल कॉलेज १९४६ चं. ससून हेच त्याचं शिकवण्याचं रुग्णालय.

तुमच्या घरात कुणी ससूनला जन्मलंय, शिकलंय? जुन्या इमारतीबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.