बोइंग की एअरबस? आकाशातल्या लढाईत नागपूरच्या मिहानला काय मिळालं आणि पुढे काय मिळणार?

मनीषनगरातून रेल्वेलाइन आणि वर्धा रोड ओलांडला की थोड्याच अंतरावर नागपूरचं विमानतळ लागतं. इथल्या धावपट्टीजवळ एक जुनं बोइंग ७२० विमान तब्बल २४ वर्षं उभं होतं. १९९१ च्या जुलैमध्ये बिघाडामुळे ते इथे उतरलं आणि पुन्हा उडालंच नाही. अखेर २०१५ मध्ये ते धावपट्टीपासून दूर हलवण्यात आलं. योगायोग असा, की त्याच वर्षी शेजारच्या मिहानमध्ये मोठ्या बोइंग विमानांची दुरुस्ती सुरू झाली.

हे केंद्र नागपूरला मिळालं ते बोइंग आणि एअरबस या दोन कंपन्यांच्या चढाओढीतून. आता ही चढाओढ पुन्हा भारतात रंगली आहे. मात्र या वेळी नागपूरच्या पदरात काय पडेल, याचं उत्तर तितकं सोपं नाही.

स्पर्धा दोघांचीच का?

अमेरिकेची बोइंग १९१६ ची, तर युरोपीय देशांनी एकत्र येऊन उभी केलेली एअरबस १९७० ची. १९९७ मध्ये बोइंगने मॅकडोनेल डग्लस ही प्रतिस्पर्धी कंपनी ताब्यात घेतली. तेव्हापासून मोठ्या प्रवासी विमानांच्या बाजारात प्रामुख्याने हे दोघेच उरले.

नवं विमान विकसित करायला अब्जावधी डॉलर आणि अनेक वर्षं लागतात. अंदाज चुकला तर फटकाही तेवढाच मोठा. एअरबसने दुमजली ए ३८० वर पैज लावली, पण २५१ विमानांनंतर २०२१ मध्ये ती थांबवावी लागली. बोइंगने तुलनेने लहान, पण लांब पल्ल्याच्या ७८७ ड्रीमलायनरवर भर दिला आणि तो अंदाज बरोबर ठरला. चीनच्या कोमॅकचं सी ९१९ हे विमान २०२३ पासून प्रवासी सेवेत आहे, पण जागतिक बाजारात त्याला अजून मोठी मजल मारायची आहे.

नागपूरला दुरुस्ती केंद्र कसं मिळालं?

२००५-०६ मध्ये दोन सरकारी विमान कंपन्यांनी मिळून १११ विमानांची खरेदी ठरवली. एअर इंडियाने ६८ बोइंग निवडली, तर इंडियन एअरलाइन्सने ४३ एअरबस. खरेदीदार सरकार होतं, त्यामुळे 'विमानं घेतो, पण देशात गुंतवणूक करा' अशी अट घालता आली. सुमारे १० कोटी डॉलर खर्चून दुरुस्ती केंद्र उभारण्याचं बोइंगने मान्य केलं. देशाच्या मध्यभागी असलेल्या नागपूरची त्यासाठी निवड झाली.

मिहानमध्ये सुमारे ५० एकरांवर दोन मोठे हँगर उभे राहिले. बोइंग ७७७ आणि ७८७ सारखी रुंद विमानं इथे आत घेता येतात. केंद्र चालवण्याची जबाबदारी एअर इंडिया इंजिनीअरिंग सर्व्हिसेस लिमिटेड, म्हणजे एआयईएसएलकडे आली.

मिहानचा ड्रीमलायनरशी आणखी एक धागा आहे. या विमानात प्रवाशांच्या पायाखालची जमीन ज्या आडव्या तुळयांवर टेकलेली असते, त्या कार्बन फायबरच्या तुळया टाटा समूहाच्या मिहानमधील कारखान्यात बनवल्या जातात.

सध्या पारडं कुणाचं जड?

एअरबसचं. २०२४ मध्ये एअरबसने ७६६ विमानं ग्राहकांच्या ताब्यात दिली, बोइंगने ३४८. यामागचं मोठं कारण म्हणजे बोइंग ७३७ मॅक्स.

एअरबसने २०१० मध्ये कमी इंधन लागणारं ए ३२० निओ जाहीर केलं. त्याला उत्तर म्हणून बोइंगने पुढच्याच वर्षी ७३७ मॅक्स आणलं. पण ७३७ चा मूळ आराखडा १९६० च्या दशकातला आणि विमान जमिनीपासून बुटकं. नवं इंजिन आकाराने मोठं असल्यामुळे ते पंखाच्या पुढे आणि थोडं वर बसवावं लागलं. त्यामुळे काही स्थितींत विमानाचं नाक वर जाण्याची शक्यता वाढली. ते आपोआप खाली आणण्यासाठी 'एमकॅस' हे सॉफ्टवेअर टाकण्यात आलं. एका सेन्सरच्या चुकीच्या माहितीवरून या सॉफ्टवेअरने नाक पुन्हा पुन्हा खाली ढकललं. २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि २०१९ मध्ये इथिओपियात मिळून ३४६ जणांचा जीव गेला. जगभरात मॅक्सची उड्डाणं थांबवण्यात आली. विमानं परत उडू लागली, तरी बोइंगची घडी अजून पूर्णपणे बसलेली नाही.

भारतात कोण कुणाकडे?

टाटांच्या एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानं जाहीर केली. त्यात २५० एअरबस आणि २२० बोइंग. चारच महिन्यांनी इंडिगोने ए ३२० कुटुंबातील ५०० विमानांची ऑर्डर दिली. अकासाने २२६ बोइंग ७३७ मॅक्स मागवली आहेत. देशांतर्गत प्रवाशांमध्ये इंडिगोचा वाटा निम्म्याहून जास्त असल्याने आपल्या डोक्यावरून जाणारं विमान बहुतेक वेळा एअरबसचं असतं.

मग नागपूरची अडचण काय?

पहिली अडचण वाटाघाटीची. २००५ मध्ये ग्राहक सरकार होतं. २०२२ पासून एअर इंडिया खासगी आहे. कंपनी आपली सोय बघून विमान निवडते. अमुक शहरात हँगर बांधा, ही अट घालणारा सरकारी ग्राहक आता राहिलेला नाही.

दुसरी अडचण कामाची. खासगीकरणात एआयईएसएल टाटांकडे गेली नाही, ती सरकारकडेच राहिली. एअर इंडिया स्वतःचं दुरुस्ती केंद्र बेंगळुरूत उभारत आहे. ज्या ग्राहकासाठी नागपूरचं केंद्र बांधलं गेलं, त्याच्याकडेच आता दुसरा पर्याय तयार होतो आहे.

मिहानमध्ये हालचाल थांबलेली नाही. इथल्या इंडामेर टेक्निक्स या दुरुस्ती कंपनीच्या खरेदीची घोषणा अदानी समूहाने २०२५ मध्ये केली. पण एकाच विमान कंपनीच्या किंवा एकाच उत्पादकाच्या भरवशावर राहणं जोखमीचं, हा इथला धडा आहे.

हैदराबादने वेगळी वाट धरली. तिथे फ्रान्सच्या साफ्रानच्या लीप इंजिन दुरुस्ती केंद्राचं उद्घाटन २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये झालं. हे इंजिन बोइंग ७३७ मॅक्सलाही लागतं आणि एअरबस ए ३२० निओलाही. लढाई कुणीही जिंकली तरी तिथलं काम चालू राहील.

विद्यार्थ्यांनी काय लक्षात घ्यावं?

हेच गणित माणसांनाही लागू होतं. विमान देखभालीत नुसती पदवी पुरत नाही. डीजीसीएचा परवाना लागतो आणि त्यावर विमानाच्या प्रकाराची नोंद असावी लागते. ७८७ ची नोंद असलेला इंजिनीअर ए ३२० दुरुस्त झाल्याची सही करू शकत नाही. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि अनुभव लागतो. त्यामुळे कोर्स निवडताना संस्थेत कोणत्या विमानावर प्रत्यक्ष काम शिकवतात आणि ती विमानं देशात किती आहेत, हे आधी विचारून घ्यावं.

पुढे काय?

२०२४ च्या अखेरीस एअरबसकडे ८,६०० हून अधिक विमानांच्या ऑर्डर शिल्लक होत्या आणि बोइंगकडे साडेपाच हजारांहून अधिक. म्हणजे आज मागवलेलं विमान हाती यायला अनेक वर्षं लागणार. तोवर जुनी विमानं जास्त काळ उडवावी लागतील आणि त्यांना हँगरही लागतील. चीनने २००८ मध्येच तिआनजिनला एअरबसची जुळणी सुरू करून घेतली. भारतात या दोघांपैकी कुणीही अजून मोठ्या प्रवासी विमानाची जुळणी करत नाही. नागपूरच्या हातात तूर्तास आहे ते दुरुस्तीचं आणि सुट्या भागांचं काम. त्यात दोन्ही कंपन्यांची विमानं किती येतात, यावरच मिहानच्या नोकऱ्या ठरणार आहेत.