नांदूरचे पाहुणे

दिवाळी आटोपली आणि पहाटे अंगावर घोंगडी ओढावीशी वाटू लागली, की निफाड तालुक्यात पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. हे पाहुणे एस. टी.ने येत नाहीत. कित्येक तर हिमालय ओलांडून येतात! त्यांचा मुक्काम असतो नांदूर-मध्यमेश्वरला, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर.

कालव्यांना पाणी मिळावे म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी येथे बंधारा बांधला. पाणी थबकले, तसा गाळ साचला. बंधाऱ्यात पाणी कमी मावू लागले. पण उथळ पाणी, पाणवनस्पती आणि चिखलाची बेटे तयार झाली. पक्ष्यांना हेच हवे होते.

सकाळी चापडगावच्या मनोऱ्यावर उभे राहा आणि प्रत्येकाची जेवायची रीत पाहा. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या काठच्या चिखलात किडे टिपतो. थापट्या बदक आपल्या रुंद चोचीने वरचे पाणी गाळून घेते. तलवार बदक डोके बुडवून, शेपूट वर करून तळ चाचपते. काळा वारकरी, कपाळावर पांढरे गंध ल्यालेला, सरळ बुडी मारतो. एकाच पाण्यात, पण प्रत्येकाचे ताट निराळे! काव्यात विरहाने व्याकूळ होणारा चक्रवाकही येथे दिसतो. त्याची घरटी मात्र लडाख-तिबेटकडे असतात.

१९८६ साली येथे अभयारण्य झाले. २०२० मध्ये जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत ते दाखल झाले. महाराष्ट्रातले हे पहिलेच.

पण एक काळजी आहे, बरं का. नदीत सांडपाणी मिसळले, की त्यातल्या नत्र-स्फुरदावर पाणवेली फोफावते. ती पाण्यावर गालिचासारखी पसरते, खाली ऊन पोचू देत नाही. तळची वनस्पती मरते, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात आणि पाहुण्यांचे ताट रिकामे राहते. म्हणजे नाशिकच्या मोरीत जे वाहते, त्याचा हिशेब नांदूरला द्यावा लागतो. शेतावर खत बेताने घातले आणि बांध नीट राखले, तर माती व खत नदीत जाणार नाही; यात शेतकऱ्याचाही फायदाच आहे.

गुरुजींना एक विनंती. शाळेजवळच्या तळ्यावर दर शनिवारी सकाळी मुलांना न्या. कपडे मळखाऊ रंगाचे, सूर्य पाठीशी आणि तोंडे बंद! दिसलेले पक्षी, त्यांची संख्या आणि तारीख वहीत उतरवा. चार-पाच वर्षांनी तीच वही सांगेल, तळे सुधारते आहे की बिघडते आहे.