भारी औषध कधी थांबवायचे?

सत्तरीतल्या एका आजींना रात्री आमच्या रुग्णालयात आणले. थंडी वाजून ताप, रक्तदाब उतरलेला. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याची शंका होती. अशा वेळी रिपोर्टची वाट पाहता येत नाही. निवासी डॉक्टरांनी मेरोपेनेम हे ताकदीचे अँटिबायोटिक लिहिले, ते योग्यच होते. सिस्टरने मात्र पहिला डोस देण्याआधी रक्त आणि लघवीचे नमुने कल्चरसाठी घेतले. ही काही मिनिटांची गोष्ट पुढे मोलाची ठरली.

तिसऱ्या दिवशी आजी उठून बसल्या. त्याच सकाळी सूक्ष्मजीवशास्त्र विभागातून फोन आला, ‘सर, ई. कोलाय आहे, पण सेफ्ट्रिअॅक्सोनलाही दाद देतोय. मेरोपेनेम थांबवता येईल.’ खरे सांगतो, मी कचरलो. औषध बदलले आणि ताप उलटला तर? आजींच्या मुलानेही विचारले, ‘साहेब, गुण येतोय तर भारी औषध बंद का करताय?’

प्रश्न रास्त होता. पण जो जंतू साध्या औषधाने मरतो, त्याच्यावर भारी औषध चालू ठेवल्याने रुग्णाला जास्त फायदा होत नाही. उलट त्या औषधालाही न जुमानणारे जंतू तेवढे टिकून राहतात, वाढतात आणि शेजारच्या खाटेपर्यंत पोहोचतात. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे 2019 मध्ये जगभरात सुमारे 12.7 लाख मृत्यू थेट झाल्याचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2017 पासून अँटिबायोटिक्सची वर्गवारी केली आहे. त्यात मेरोपेनेम जपून वापरायच्या गटात येते.

म्हणूनच अँटिबायोटिक सुरू केल्यानंतर 48 ते 72 तासांनी त्याचा फेरविचार व्हायला हवा, आणि तो एकट्या डॉक्टरने करू नये. जंतू कोणता, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सांगतात. मूत्रपिंडाच्या कामानुसार डोस बदलायचा का, हे फार्मासिस्टच्या लक्षात येते. रुग्ण गोळी गिळू शकतो का, डोस वेळेवर गेला का, हे सिस्टरइतके कुणाला ठाऊक नसते. आम्ही शिकलो त्या काळी सिनियरच्या कागदावर कुणी बोट ठेवत नसे. ती सवय मोडायला मलाही वेळ लागला.

त्या दिवशी आम्ही औषध बदलले. ताप पुन्हा आला नाही आणि आजी चालत घरी गेल्या.

तुमचे माणूस रुग्णालयात असेल, तर भारी औषधाचा आग्रह धरू नका. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. नमुना तपासायला पाठवला का? रिपोर्ट कधी येईल? तो आल्यावर औषध बदलता किंवा थांबवता येईल का? मात्र स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. तुम्ही विचारलेत, तर आम्हालाही फेरविचाराची आठवण राहते.