गोचीड चावल्यास प्रथमोपचार

एखादा मनुष्य कांहीं केल्या पाठ सोडीत नाहीं, तेव्हां त्याला गोचिडाची उपमा देतात. ती सार्थ आहे. गोचीड कातडींत जी सोंड खुपसतो, तिच्यावर मागें वळलेले बारीक कांटे असतात. शिवाय कित्येक जातींच्या लाळेंतील चिकट द्रव सिमेंटाप्रमाणें घट्ट बसतो. दंश बहुधा दुखत नाहीं. म्हणून हा आगंतुक दिवसच्या दिवस बिनबोभाट रक्त पीत राहतो.

त्याला तेल, रॉकेल किंवा चुना लावण्याची, नाहीं तर जळती काडी टेकविण्याची चाल अजून आढळते. ती सोडून द्यावी. डिवचलेल्या किड्याच्या तोंडांतून दूषित द्रव जखमेंत उतरण्याचा संभव असतो. बारीक टोंकाच्या चिमट्यानें गोचीड अगदीं कातडीलगत धरावा. त्याचें पोट दाबूं नये. मग न पिळतां, न हिसकतां, एकसारख्या जोरानें सरळ वर ओढावा. सोंडेचा तुकडा आंत राहून सहज निघत नसेल, तर सुईनें कोरूं नये. कातडी तो कालांतरानें बाहेर टाकते. जखम व हात साबणानें धुऊन जखमेला स्पिरिट लावावें. गोचीड बोटांनीं न चिरडतां स्पिरिटाच्या बाटलींत टाकावा.

यानंतर दंशाची तारीख व स्थळ लिहून ठेवावें. प्रत्येक गोचीड रोग देतो असें नव्हे; परंतु १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या जंगलांत माकडें मरूं लागलीं व माणसें तापानें पडलीं, तेव्हां पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रानें त्याचें मूळ गोचिडाच्या दंशांत शोधून काढलें. हाच ‘माकडताप’ २०१५ सालीं गोव्यांतील सत्तरींत व २०१६ सालीं सिंधुदुर्गांतील दोडामार्ग तालुक्यांत आढळला. त्याचा हंगाम सुमारें नोव्हेंबर ते मे, म्हणजे काजूच्या बागांतील कामाचा आणि शहरवासीयांच्या कोंकणच्या सहलींचा. या तापावर रामबाण औषध नाहीं. वेळीं केलेली शुश्रूषा हाच आधार.

रानांतून परतल्यावर कानांमागें, काखांत, जांघांत व मुलांच्या केसांत नीट पाहावें. लहान गोचीड तिळाहूनहि बारीक असतो. माकडताप दंशानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनीं येतो. तोंवर प्रवासी शहरांत परतलेला असतो. तेथील डॉक्टरांच्या मनांत कोंकणांतील रान सहसा येत नाहीं. म्हणून पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप, तीव्र डोकेदुखी, अंगावर पुरळ किंवा रक्तस्राव दिसल्यास डॉक्टरांना प्रथम दंशाची हकीकत सांगावी.