एक्सप्लेनर : मीटरवर ओलावा १२.५, कापूस परत न्यायचा का?

यवतमाळ जिल्ह्यातील सीसीआयच्या केंद्रांवर कापसाचा ओलावा मॉइश्चर मीटरने मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, ८ ते १२ दरम्यान कपात, १२ च्या वर खरेदी नाही. मग मीटरने १२.५ दाखवले तर? उत्तर नववीच्या केवलमूल्यात सापडते.

केवलमूल्य म्हणजे अंतर
खरा ओलावा 'क्ष' मानू. |क्ष − १२.५| म्हणजे क्ष आणि १२.५ यांतील अंतर. कमी-जास्त कुठेही असो, ते धनच.

अंतर मर्यादेच्या आत
समजा, मीटर जास्तीत जास्त १ अंकाने चुकतो.
|क्ष − १२.५| ≤ १
−१ ≤ क्ष − १२.५ ≤ १
सगळीकडे १२.५ मिळवा : ११.५ ≤ क्ष ≤ १३.५
खरा ओलावा १२ च्या आतही असू शकतो!

अंतर मर्यादेबाहेर
निकाल पक्का कधी? रीडिंग 'र' हे १२ पासून १ पेक्षा जास्त दूर असेल तेव्हा.
|र − १२| > १
म्हणजे र < ११ किंवा र > १३. इथे उत्तराचे दोन तुकडे पडतात, म्हणून 'किंवा'.

लक्षात ठेवा
रीडिंग ११ ते १३ मध्ये असेल, तर गाडीतल्या दुसऱ्या जागचा कापूस घेऊन पुन्हा मोजा, ही मागणी गणिताला धरूनच आहे.